झीज कुठे व्हावी?

दादरहून कुर्ल्याकडे जाणारी लोकल माटुंग्याजवळ मध्य रेल्वेच्या कारखान्याला लागून जाते. १९१५ साली सुरू झालेल्या या कारखान्यात डबे ठरावीक मुदतीने येतात, त्यांचे भाग सुटे केले जातात आणि झिजलेले भाग बदलले जातात. या भागांत एक किरकोळ दिसणारी जोडी असते : ब्रेकच्या तरफांना जोडणारी पिन आणि तिच्याभोवतीचे नळीसारखे बुश.

आयसीएफ पद्धतीच्या डब्यांत ब्रेक सिलिंडरमधील दट्ट्याचा जोर तरफांच्या मालिकेतून चाकावर दाबल्या जाणाऱ्या ब्रेकच्या ठोकळ्यांपर्यंत पोचतो. प्रत्येक सांध्यात एक पिन असते. समजा, दट्ट्या ४ मिलिमीटर सरकला की ठोकळा १ मिलिमीटर सरकतो. मग ठोकळ्याकडच्या सांध्यात १ मिलिमीटर ढिलाई आली, तर दट्ट्याची ४ मिलिमीटर धाव ती भरून काढण्यातच खर्च होते. सर्व सांध्यांतील ढिलाईची अशी बेरीज होत जाते, आणि दट्ट्याची धाव तर मर्यादित असते. ढिलाई आपोआप भरून काढणारी यंत्रणा डब्यात असते, पण तिलाही मर्यादा असतेच. म्हणून पिनेभोवतीची झीज हा गाडी वेळेत थांबण्याचा प्रश्न आहे.

झिजेचे गणित

ब्रिटिश शास्त्रज्ञ आर्चर्ड यांनी १९५३ साली झिजेचा एक सोपा नियम मांडला. झिजून जाणारे द्रव्य हे भार आणि घासले गेलेले अंतर यांच्या सम प्रमाणात असते, तर मऊ पृष्ठभागाच्या काठिण्याच्या व्यस्त प्रमाणात असते. पदार्थांची जोडी आणि वंगण यांनुसार बदलणारा एक गुणकही त्यात असतो.

आता पिन जाड करावी की तिचा टेकू लांब करावा? पिनेचा व्यास दुप्पट केला, तर भार दुप्पट क्षेत्रावर पसरतो. परंतु तितक्याच कोनातून फिरताना पृष्ठभाग दुप्पट अंतर घासतो. म्हणजे भोक जितके खोल झिजायचे तितकेच झिजते! जाड पिन तुटण्यापासून वाचवते, झिजेपासून नाही. टेकूची लांबी दुप्पट केली मात्र भार पसरतो आणि घासण्याचे अंतर वाढत नाही. झिजेची खोली निम्मी होते.

जागा आपण निवडायची

हालचाल जिथे होईल तिथे झीज होणारच. ती कोणत्या भागात व्हावी, हे ठरवणे आपल्या हाती असते. तरफ महाग आणि बदलायला अवघड. म्हणून तिच्या भोकात स्वस्त बुश ठोकून बसवतात. पूर्वी हे बुश पोलादाचे असे. पोलादावर पोलाद कोरडे घासले की उंचवटे एकमेकांना चिकटतात, तुटतात आणि त्यांचे कण पुन्हा दोघांना ओरखडतात. पुढे आयसीएफ डब्यांत नायलॉन-६६चे बुश वापरात आले. ते पोलादाला सहसा चिकटत नाही, त्याला वारंवार वंगणही लागत नाही. पण नायलॉन पाणी शोषून थोडे फुगते. मुंबईच्या पावसाळ्याचा विचार करता पिन आणि बुश यांत पुरेशी फट ठेवावी लागते. शिवाय मऊ बुशात रुतलेली धूळ पिनेला कानशीसारखी घासते, म्हणून पिनेचा पृष्ठभाग कठीण हवा.

हाच प्रश्न ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चौकट असलेल्या रायफलीत दिसतो. घोडा आणि हातोडा पोलादी पिनांवर फिरतात. हातोड्याबरोबर पिनही फिरू लागली, तर ती चौकटीच्या भोकात घासते. तिथे टेकू फक्त पातळ भिंतीच्या जाडीइतका, आणि धातूही मऊ. भोक लांबट होते. ॲल्युमिनियमच्या कणांवर तयार होणारे ऑक्साइड अतिशय कठीण असल्याने पोलादी पिनही ओरखडली जाते. यावर केवळ अधिक कठीण पिन हा उपाय नव्हे, कारण नियमात काठिण्य मऊ बाजूचे धरले जाते. खरा उपाय म्हणजे पिनेची टोके फिरणार नाहीत अशी धरून ठेवणे. मग घासणे हातोड्याच्या लांब, पोलादी भोकात होते. पिन झिजली तर ती बदलता येते. चौकट बदलणे म्हणजे जवळजवळ रायफलच बदलणे.

वर्गात करून पाहा

सायकलची जुनी साखळी घ्या. ती स्वच्छ करून ताणून धरा आणि एका पिनेच्या मध्यापासून सुरुवात करून २४ अंतरे पट्टीने मोजा. नव्या साखळीत दोन पिनांमधील अंतर १२.७ मिलिमीटर असते, म्हणजे २४ अंतरांचे ३०४.८ मिलिमीटर होतात. ३०८ मिलिमीटर भरले, तर ती सुमारे १ टक्क्याने लांबली आहे. लोक म्हणतात, साखळी ताणली गेली. खरे तर पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यात पिन आणि तिची बैठक मिळून मिलिमीटरचा सुमारे आठवा भाग झिजलेला असतो. एका सांध्यातली ही झीज साध्या पट्टीवर मोजणे कठीण, पण २४ सांध्यांची बेरीज सहज दिसते. अशी साखळी वेळीच बदलली नाही, तर ती दातेरी चक्रे खाऊ लागते. स्वस्त भागाची झीज महाग भागाकडे जाऊ न देणे, हेच माटुंग्याच्या कारखान्यात बुश बदलताना साधले जाते.