भास्कराचार्यांची वंशावळ

भास्कराचार्य (द्वितीय) यांची वंशावळ मुख्यतः जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात सापडलेल्या दोन शिलालेखांवरून ज्ञात होते. त्यांपैकी पाटण (पाटणे) येथील लेखात या घराण्याच्या नऊ पिढ्या दिलेल्या आहेत.

पाटण येथील शिलालेख

हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रकाशात आणला. पुढे फ्रान्झ कीलहॉर्न यांनी तो ‘एपिग्राफिया इंडिका’मध्ये संपादित केला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन केलेल्या मठाला निकुंभ घराण्यातील सोइदेवाने चंद्रग्रहणप्रसंगी (शके ११२८, कीलहॉर्न यांच्या गणितानुसार ९ ऑगस्ट १२०७) दान दिले, असे त्यात नमूद आहे. लेख संस्कृत असून अखेरचा काही भाग जुन्या मराठीत आहे.

वंशक्रम

शांडिल्य गोत्रातील या घराण्याचा क्रम पुढीलप्रमाणे आहे: त्रिविक्रम – भास्करभट्ट – गोविंद – प्रभाकर – मनोरथ – महेश्वर – भास्कराचार्य – लक्ष्मीधर – चांगदेव. भास्करभट्टाला भोजराजाने ‘विद्यापती’ ही पदवी दिली होती. लक्ष्मीधराला यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारी नेले, तर चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी होता.

बहाळ येथील शिलालेख

शके ११४४ (इ.स. १२२२) मधील या लेखात मनोरथ – महेश्वर – श्रीपती – गणपती – अनंतदेव असा क्रम आहे. पहिली दोन नावे व गोत्र पाटणच्या लेखाशी जुळतात. त्यावरून श्रीपती हा भास्कराचार्यांचा भाऊ ठरतो. अनंतदेवही सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. त्याने बहाळ येथे देवीचे मंदिर बांधले.

विश्वसनीयता

भास्कराचार्यांनी आपला जन्म शके १०३६ (इ.स. १११४) मधील असल्याचे, तसेच पित्याचे नाव व गोत्र स्वतःच सांगितले आहे. त्यामुळे वंशावळीचा उत्तरार्ध निःसंशय मानता येतो. पूर्वार्धाला मात्र असा स्वतंत्र आधार नाही. मूळपुरुष त्रिविक्रम म्हणजेच ‘नलचंपू’चा कर्ता, असे मत मांडले गेले आहे, परंतु तो कवी राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील (इ.स. ९१५ च्या सुमारास) होता. भोजराजाची कारकीर्द अकराव्या शतकातील असल्याने त्याने गौरवलेला भास्करभट्ट या कवीचा पुत्र असणे कालदृष्ट्या जुळत नाही.

मूळ गावाचा प्रश्न

भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या सान्निध्यातील ‘विज्जडविड’ असल्याचे लिहिले आहे. पाटण, बीड व विजापूर ही स्थाने त्यासाठी सुचवली गेली आहेत. दोन्ही शिलालेख खानदेशातील असल्याने पाटणच्या बाजूने बळ मिळते. तथापि पाटणच्या लेखातून नातवाचा मठ तेथे होता एवढेच सिद्ध होते, आजोबांचा जन्म तेथे झाला असे नव्हे.