पटलातील प्रथिनाचा वेध

पेशीभोवती, तसेच अनेक विषाणूंभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ पटल असते. त्यात रुतलेली प्रथिने आतबाहेरची ये-जा सांभाळतात. इन्फ्लूएंझा 'ए' विषाणूतील 'एम-२' हे असेच एक प्रथिन होय. त्याच्या चार साखळ्यांनी बनलेल्या नलिकेतून प्रोटॉन आत शिरतात आणि संसर्गाची वाट मोकळी होते. अमँटाडीन हे औषध ही नलिका बंद पाडते.

औषध नलिकेच्या आत बसते की बाहेरच्या अंगास, याविषयी २००८ साली दोन परस्परविरोधी निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही वेळी प्रथिन पटलाऐवजी साबणासारख्या द्रव्याच्या आधारे राखलेले होते. २०१० साली मेई हाँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते स्निग्ध पटलातच ठेवून अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाने तपासले. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रे रेडिओलहरींना जो प्रतिसाद देतात, त्यावरून अणूंमधील अंतरे व हालचाल कळते. औषध नलिकेच्या आतच बसते, बाहेर चिकटते ते केवळ त्याचे प्रमाण फार वाढल्यास, असे आढळले. आतही ते फिरत राहते; म्हणजे पोकळी पुरती भरत नाही.

प्रथिनातील एकतिसावा घटक बदलल्याने आज बहुतेक 'ए' विषाणू या औषधास जुमानत नाहीत. अधिक नेमके बसणारे औषध घडविण्यास ही माहितीच आधार ठरते.