नळाचं पाणी आणि सोसायटीच्या फाटकापाशी थांबणारा नियम

आज दिल्लीतल्या द्वारका उपनगराचं उदाहरण घेऊ. तुमचं शहर पुणे असो की बेळगाव, बरंचसं तुम्हालाही लागू पडेल.

द्वारकेला पाणी पुरवण्याची जबाबदारी दिल्ली जल बोर्डाची. तसा १९९८ चा कायदाच आहे. हरियाणातून मूनक कालव्याने यमुनेचं पाणी येतं, गाळलं जातं, त्यात क्लोरीन मिसळलं जातं.

ते पिण्यालायक आहे की नाही, हे कशावरून ठरवायचं? भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकावरून. १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जिवाणू सापडताच कामा नये. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत; दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचे. (ही सवलत जरा जास्तच सैल आहे, असं माझं मत.)

आता खरी गोम. बाटलीबंद पाण्याला अन्न सुरक्षा कायदा लागतो. नियम मोडला तर दंड. पण आयएस १०५०० नळाचं पाणी देणाऱ्या संस्थांवर बंधनकारक नाही! नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्रीय मंत्री रामविलास पासवान यांनी तपासणीचे निकाल जाहीर केले. मुंबईचे दहाही नमुने उत्तीर्ण, दिल्लीचे अकराही नापास. दिल्ली सरकारने ते निकाल मानले नाहीत. वाद रंगला, मानक मात्र ऐच्छिकच राहिलं.

शिवाय बोर्डाचं पाणी सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पडलं, की पुढची जबाबदारी सोसायटीची. तिथे बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळतं. द्वारकेतल्या सोसायट्यांच्या पर्जन्यजल खड्ड्यांमुळे भूजलच दूषित होतंय, ही तक्रार तर राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली.

म्हणून क्लोरीनकडे लक्ष द्या. मानकानुसार नळाच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेलं हवं. वाटेत किंवा टाकीत घाण मिसळली, की ते तिच्याशी झुंजताना खर्ची पडतं. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी चाचणी करतो ना, तीच ही. थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं, तर क्लोरीन आहे. रंगच आला नाही, तर सोसायटीच्या सचिवांना दोन गोष्टी विचारा: टाकी शेवटची कधी धुतली, आणि जिवाणू तपासणीचा अहवाल कुठे आहे? अहवाल नसेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवायला सांगा. तो निर्जंतुक बाटलीत आणि आरओच्या आधीच्या नळाचा घ्यायचा.