पाणी असेल तरच राखणदार

ऊसतोडणीचे दिवस. दिवेलागणीनंतर फडातून भरलेली ट्रॉली निघते. गावाजवळ रस्ता रुंद करण्याचे काम चालू असते. एका बाजूला कमरेइतका चर खणलेला असतो आणि त्याच्या कडेला नारिंगी-पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पोकळ भिंती मांडलेल्या असतात. पुष्कळांना वाटते, हे नुसते रंगीत खोके! पण त्यांचा खरा गुण त्यांच्या पोटातल्या पाण्यात आहे.

आपल्या मळ्यातले २०० लिटरचे पिंप आठवा. रिकामे असले तर वारासुद्धा ते लोळवतो. भरले की दोघा गड्यांनाही हलत नाही. कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. या भिंतींचेही तसेच. रिकाम्या असताना त्या माणसांना उचलता येतात. जागेवर मांडून वरच्या तोंडातून पाणी भरले की त्या जड होऊन ठाण मांडतात. काम पुढे सरकले की खालचे बूच काढावे, पाणी सोडावे आणि भिंत पुढे न्यावी.

गाडी धडकलीच, तर प्लॅस्टिक दबते, पाणी उसळून बाहेर पडते आणि धक्क्याचा बराच जोर त्यातच खर्च होतो. मात्र एकटीदुकटी भिंत भरधाव ट्रक थोपवील, या भ्रमात राहू नये. म्हणूनच त्या एकमेकींत अडकवून सलग रांग करायची असते.

कामाच्या जागी वाहतूक कशी सांभाळावी, याची सुधारित मार्गदर्शिका इंडियन रोड्स काँग्रेसने २०१४ साली काढली. आधी सूचनेचे फलक, मग हळूहळू वळवलेली वाट, मग कामाची जागा आणि शेवटी पुन्हा मूळ रस्ता, असा तिचा क्रम आहे. खड्ड्याच्या तोंडाशीच फलक लावून भागत नाही.

आता आपले काम. ट्रॉली जवळून काढायची म्हणून भिंत सरकवू नका. अंधारात ती फट परक्या माणसाला वाटच वाटते. गुरांना पाजायला तिचे बूच काढू नका. वरचे झाकण उघडे दिसले तर लावायला सांगा, नाहीतर आत डास होतात. पोरांना तिच्यावर बसू देऊ नका. दिवसा, वाहने नसताना, कडेच्या बाजूने थाप मारून पाहा. पोकळ आवाज आला, तर पाणी गळाले किंवा भरलेच नाही असे समजा. मुकादमाला सांगा, सरपंचांच्या कानावर घाला. राष्ट्रीय महामार्ग असेल, तर १०३३ या क्रमांकावर कळवा. आणि आपल्या ट्रॉलीच्या मागे चमकपट्टी लावायला विसरू नका.

त्या चराच्या कडेने रात्री सायकलवरून येणारा कदाचित आपल्याच घरचा असेल.