चुकचुकण्याची व्यंजनं

वर्तकनगर नाक्यावर संध्याकाळी रिक्षाला हात करा आणि जवळचं ठिकाण सांगा. बऱ्याचदा शब्दाने उत्तर मिळत नाही. मान उडवून नुसतं ‘च्क्’, आणि रिक्षा पुढे. कुणाचं वाईट कानावर आलं की आपणही असंच चुकचुकतो. आपल्या वर्णमालेत या आवाजाला जागा नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या, आता लोपलेल्या ‘।खाम’ भाषेत मात्र ते रीतसर व्यंजन होतं.

काढून पाहा. जिभेचा मागचा भाग टाळूला टेकतो, टोक वरच्या दातांमागे. जीभ किंचित खाली ओढली की मध्ये कोंडलेली हवा विरळ होते आणि टोक सुटताच बाहेरची हवा आत घुसते. फुप्फुसांचं इथे काहीच काम नाही. तोंड मिटून गुणगुणता गुणगुणता ‘च्क्’ करा, गुणगुणणं थांबत नाही!

।खाममध्ये असे आवाज पाच जागी निघत: ओठांवर, दातांमागे, दंतमूलाशी, टाळूवर आणि गालाच्या कडेला. हा शेवटचा टांगेवाल्यांच्या तोंडी असायचा. लिहिताना दातांच्या आवाजाला एक उभी रेघ, गालाच्या आवाजाला दोन; थेट आपल्या पोथीतले दंडच.

१८७० पासून केपटाउनमध्ये जर्मन भाषातज्ज्ञ विल्हेल्म ब्लीक आणि त्यांची मेहुणी लूसी लॉइड यांनी ही भाषा उतरवून घेतली. सांगणारे होते मुख्यतः ब्रेकवॉटर तुरुंगातले कैदी. त्यांच्या शिकारीच्या रानांवर गोऱ्या वसाहतवाल्यांनी कुरणं थाटली, आणि जनावरं चोरली म्हणून शिक्षा भोगली यांच्यातल्या अनेकांनी. त्यातले ॥कॅब्बो तर शिक्षा संपल्यावरही गोष्टी सांगायला थांबले. वह्यांची पानं बारा हजारांवर गेली. पण ब्लीक १८७५ मध्ये वारले आणि एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ मध्ये. ॥कॅब्बोंच्या गोष्टी कागदावर आहेत, आवाज नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही भाषा संपली. २००० साली दक्षिण आफ्रिकेने राजचिन्हावर ब्रीदवाक्य घेतलं ते नेमकं ।खाममधलं. मातृभाषा म्हणून ती बोलणारा एकही नागरिक तेव्हा देशात नव्हता. शेजाऱ्यांकडून असे आवाज उचललेल्या झुलू आणि खोसा मात्र आजही लाखोंच्या तोंडी आहेत.

लोपण्याच्या वाटेवरची एक भाषा आपल्याकडेही आहे. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली बोलली जाते. कोणत्याही भाषाकुळाशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही आणि बोलणारे उरलेत जेमतेम दोन-अडीच हजार. तिकडे जाणं-येणं असेल तर नुसती शब्दांची यादी करू नका. त्यांना विचारून त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा. फोन खिशात असतोच.