आत्याची बाडी

आत्या दिवस उजाडायच्या आधीच बाडीत उतरली आहे आणि मी तिच्या मागे, चपला हातात घेऊन. श्रावणातलं बालाघाट. रात्रभर झड होती, आता जरा उघडीप आहे, आणि वैनगंगेकडून येणारी हवा ओल्या लुगड्यासारखी अंगाला चिकटते.

"पाय जपून टाक, तिथं आंबेहळद आहे," आत्या खेकसते. मला तर तिथं नुसता चिखल दिसतो.

घरामागची ही चिंचोळी पट्टी. वाफे वीतभर उंच केलेले, कारण पाणी साचलं की मुळं कुजतात, आणि सगळ्यांत आधी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची. त्याच्यावर तिनं जुना पत्रा तिरपा टेकवला आहे; पाऊस थांबला की पत्रा बाजूला, आला की परत वर. सकाळपासून हे दोनदा झालं. धणे ती तसेच कधी पेरत नाही. चपलेखाली रगडून त्यांच्या दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायच्या आणि मग मातीत. हे ती बाजारात बसणाऱ्या मरार बायकांकडून शिकली. भाजीपाला पिकवावा तर त्यांनीच, असं या जिल्ह्यात कुणीही सांगेल.

विळ्यानं ती गवती चहाची पाती कापते. गोडनिंबाच्या दोन डहाळ्या ओच्यात टाकते. पानओव्याची जाड, लवदार पानं मात्र एकेक निरखून खुडते; कोवळी भज्यांना, जून वाफाऱ्याला. चूल आणि औषधाचा डबा असे वेगळे कप्पे या बाडीत नाहीतच. पुदिना एवढा माजला आहे, की आत्या त्याला उपटते आणि शिव्याही देते.

शेजारपाजारी कुंपणाला बेशरम. आत्याचं कुंपण अडुळशाचं. पान इतकं कडू, की शेळी तोंड लावत नाही. मी तिला सांगते, की या पानातल्या व्हॅसिसीनवरूनच पुढं ब्रोमहेक्झिन नावाचं कफ पातळ करणारं औषध निघालं, खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत ते असतं.

"मग दुकानदार माझ्याकडून पानं काहून नेत नाही?"

याला माझ्याकडे उत्तर नाही.

कडुनिंबावर गुळवेल चढली आहे. कोरोनाच्या काळात ओळख ना पाळख अशी माणसं तिचे तुकडे मागायला दारात यायची. २०२० च्या अखेरीस मुंबईच्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले आणि त्यांनी बोट दाखवलं ते गुळवेलीकडे. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. दिसायला तशीच दुसरी वेल पोटात गेली असेल, असं त्यांचं म्हणणं. आत्याला दोन्ही बाजू सांगितल्या, तर ती वेगळ्याच गोष्टीवर चिडते. "रोज गिलासभर पितात! जेवन आहे का ते?" मला वाटतं, सगळ्या वादात हाच प्रश्न कुणी नीट विचारला नाही.

फाटक वाजतं. पलीकडची सून, डोक्यावर पदर, चेहरा ओढलेला.

"काकी, अडुळशाची पानं द्या ना. पोराला खोकला आहे."

आत्याचा हात कुंपणाकडे गेलेला. तोडता तोडताच विचारते, "तुझी जाऊ तर पीत नाही ना यातलं? तिला दिवस गेलेत. तिला द्यायचं नाही."

"नाही. पोरासाठीच."

"ताप?"

"रात्री होता. आता श्वास घेताना छाती उडते त्याची."

आत्याचा हात थांबतो. तोडलेली पानं ती सरळ वाफ्यात टाकून देते.

"मग इथं काय करतेस? पोराला घे आन् जिल्हा दवाखान्यात जाय. आत्ता."

"आधी थोडा काढा देऊन पाहते..."

"छाती उडते म्हणतेस ना? मग काढा नाही. पैसे आहेत का जवळ?"

सून मान हलवते, हो की नाही ते कळत नाही. आत्या कनवटीची चंची सोडते, नोटांची घडी तिच्या मुठीत कोंबते, आणि मला रस्त्यावरचा ऑटो थांबवायला पिटाळते. मी अनवाणीच धावते. ऑटो मिळतो. पोराला छातीशी धरून सून आत बसते.

आत्या फाटकातून ओरडते, "डॉक्टर काय म्हनतो ते येऊन सांगजो! आन् माझी मागची वाटी पन आणजो, चटणीची!"