भावना दुखावल्या म्हणजे गुन्हा झाला?

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये कृष्णार्जुनाच्या रथाजवळ रविवारी संध्याकाळी बसायला जागा मिळणं कठीण. त्या दिवशी मिळाली. सोबत शेजारचे काका होते, स्टील प्लांटमधून निवृत्त झालेले, मूळचे गोंदियाकडचे. रामाबद्दल कुणीतरी लिहिलेली एक लांबलचक पोस्ट त्यांनी माझ्यापुढे धरली. "अगं, ह्याला आत टाकायला पाहिजे. आमच्या भावना दुखावल्यात. तू वकिलांकडे काम करतेस ना? अर्ज लिहून दे."

अर्ज मी लिहिला नाही. का लिहिला नाही ते काकांना तिथंच सांगितलं. इथं जरा सविस्तर सांगते, कारण हा समज एकट्या काकांचा नाही.

भावना दुखावणं हा आपोआप गुन्हा होत नाही. ज्याला आपण सगळे "२९५अ" म्हणतो ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकावर आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची. पण ते लागायला अपमान जाणीवपूर्वक केलेला हवा आणि त्यामागे दुष्ट हेतूही हवा. एक आहे आणि दुसरं नाही, तर कलम उभं राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात हे स्पष्ट केलं. आरोपी ‘गोरक्षक’ नावाच्या मासिकाचे संपादक होते. न्यायालयाने कलम वैध ठरवलं, त्यांची शिक्षाही कायम राहिली. मात्र नकळत, निष्काळजीपणे किंवा दुष्ट हेतू नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही, हेही त्याच निकालात सांगितलं. लोक निकालाचा पहिला भाग लक्षात ठेवतात, दुसरा विसरतात.

"पण घटनेतच लिहिलंय, धर्माविरुद्ध बोलता येत नाही." हेही मी अनेकांकडून ऐकलंय, शिकलेल्या माणसांकडून जास्त. घटनेचं कलम १९(२) उघडून बघा. भाषणस्वातंत्र्यावर मर्यादा घालण्याची कारणं तिथं मोजून दिली आहेत : देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. या यादीत "धार्मिक भावना" हे शब्द नाहीत. २९५अ टिकलं ते "सार्वजनिक सुव्यवस्था" या शब्दांच्या आधारावर. म्हणजे कायदा जपतो ती गावातली शांतता. आपल्या मनाला काय लागलं, याचं माप त्याच्याकडे नाही.

हे कलम एकाच धर्मासाठी केलं, असाही समज आहे. लाहोरमध्ये १९२४ साली प्रेषित मुहंमदांवरची एक पुस्तिका निघाली. तिच्या प्रकाशकाला उच्च न्यायालयाने १९२७ मध्ये सोडलं, कारण तेव्हाच्या कायद्यात असा गुन्हाच नव्हता. त्याच वर्षी हे कलम आलं. निमित्त एका धर्माचं होतं, पण शब्द सगळ्यांना सारखे लागू आहेत. प्रकाशकाचा मात्र १९२९ मध्ये खून झाला, कलम येऊनही.

आता पालघर. ते मला सोडवत नाही. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर विचारलं, बंद कशासाठी? दुसरीने ते ‘लाइक’ केलं. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांचा दवाखाना जमावाने फोडला. आणि पोलिसांनी सुरुवातीला लावलेलं कलम होतं २९५अ! त्या चार ओळींत देव नव्हता, धर्म नव्हता, ग्रंथ नव्हता. पुढे पोलिस अधिकारी निलंबित झाले, खटला बंद झाला. आयटी कायद्याचं ६६अ हे कलमही या दोघींवर लावलं होतं. ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. पण पोलिस ठाण्यातले ते तास कुठल्या निकालाने परत येतात? २९५अ, म्हणजे आताच्या २९९ खाली पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, जामीन हक्काने मिळत नाही. न्यायालयाला दखल घ्यायला मात्र सरकारची मंजुरी लागते. ती चाळणी पोलिस ठाण्याच्या दारात नाही, पुढे आहे. माणूस तोवर आत जाऊन आलेला असतो.

मग देवांची चिकित्सा चालते का? चालते. महाराष्ट्र सरकारने १९८७ मध्ये डॉ. आंबेडकरांचं ‘रिडल्स इन हिंदुइझम’ छापलं. राम-कृष्णावरच्या प्रकरणावरून मोर्चे निघाले, उलट मोर्चेही निघाले. शेवटी ते प्रकरण राहिलं, सरकार या मतांशी सहमत नाही एवढी टीप त्याला जोडली गेली. आणि सीमा कुठे आहे? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१० मध्ये भसीन यांच्या इस्लामवरील पुस्तकाची बंदी कायम ठेवली. कुठल्याही धर्मावर टीका करता येते, असं त्याच निकालाने मान्य केलं. आडवा आला तो मुस्लिम समाजाविरुद्ध पेटवलेला द्वेष.

भगवे कपडे किंवा सत्ता असली की सूट मिळते, असंही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये इथं छत्तीसगडात, रायपूरच्या धर्मसंसदेत अकोल्याचे कालीचरण महाराज गांधीजींबद्दल अपशब्द बोलले. अटक झाली, राजद्रोहाचं कलमही लागलं, जामीन पुढच्या एप्रिलमध्ये मिळाला. त्याआधी सप्टेंबरात, ब्राह्मणांविषयीच्या वक्तव्यावरून खुद्द तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचे वडील नंदकुमार बघेल आत गेले होते. दोघांचंही बोलणं मला पटत नाही. तरी राजद्रोह लावणं मला त्याहून जास्त खटकतं.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे त्याने काय हेतूने लिहिलं, ते बघायचं?"

"हो काका. आणि त्यासाठी सगळं वाचायचं, एक ओळ उचलायची नाही."

त्यांनी चष्मा पुसला, पोस्ट पुन्हा उघडली आणि पहिल्या ओळीपासून हलक्या आवाजात वाचायला लागले. "अजून वाचा" असं लिहिलेलं जिथं येतं, तिथं त्यांचं बोट थांबलं. त्याच्या पुढे ते आधी गेलेच नव्हते.